पाथरीचा टीकाकार आणि सेलूतील गणिताचा तास

धागा: मराठवाड्यातील गणिताचे पदवीशिक्षण, त्याने पालटलेल्या भाषा, आणि अभ्यासक्रमातून नाहीसा झालेला एक माणूस. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

परभणी जिल्ह्यातील सेलू हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे, कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव. तेथील नूतन महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. या विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला डिफरन्शियल कॅल्क्युलस, इंटिग्रल कॅल्क्युलस, रिअल ॲनालिसिस, ग्रुप थिअरी, लिनिअर अल्जिब्रा असे विषय येतात. ही नावे मुद्दाम जशी उच्चारली जातात तशीच लिहिली आहेत. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या तोंडीही पुढे हीच नावे राहतात.

या विषयांबरोबर माणसांची नावेही येतात. रोल, लाग्रांज, कोशी, टेलर, रीमान, आबेल. प्रमेयाच्या डोक्यावर नाव असते, खाली सिद्धता असते आणि सिद्धतेखाली परीक्षेत किती गुणांना येते याची पेन्सिलीने केलेली नोंद असते. नावामागचा माणूस कोण, त्याला हा प्रश्न का पडला, त्याच्या आधी लोक काय करीत होते, हे विचारण्याची सोय पदवीच्या गणितात सहसा नसते.

आता एक भौगोलिक वस्तुस्थिती. सेलूच्या दक्षिणेला, शेजारच्याच तालुक्यात, पाथरी आहे. इ. स. १५४१ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ नावाची टीका पूर्ण झाली. तिचा कर्ता सूर्यदास, ज्ञानराजाचा पुत्र, पार्थपूरचा रहिवासी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात पार्थपूर म्हणजे गोदावरीकाठची पाथरी असे सांगितले, आणि अभ्यासकांनी ते सर्वसाधारणपणे स्वीकारले आहे.

ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ज्योतिषाचा ग्रंथ रचला. चिंतामणी आणि सूर्यदास हे त्याचे पुत्र. चिंतामणीने वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्यदासाने १५३८ मध्ये भास्कराच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ आणि तीन वर्षांनी ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ लिहिली. याच सूर्यदासाने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही रचले. त्यातील श्लोक सरळ वाचला तर रामकथा आणि उलट वाचला तर कृष्णकथा. गणिती डोक्याचा माणूस काव्याकडे वळला की काय करतो, याचा यापेक्षा चांगला नमुना सापडणे कठीण.

हे सारे निवांत काळात घडले, असा समज करून घेऊ नये. सोळाव्या शतकाच्या आरंभी पाथरी ही निजामशाही आणि इमादशाही यांच्यातील कटकटीची जागा होती. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे फिरिश्ता सांगतो. त्यामुळे या गावावर त्या घराण्याचा विशेष डोळा होता. १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पाथरी घेतली आणि तिच्यासाठी पुढेही लढाया होत राहिल्या. सूर्यदासाचा जन्म १५०७ च्या सुमाराचा. म्हणजे गावाचा धनी बदलत असताना हा मुलगा घरी वडिलांपाशी कुट्टक शिकण्याच्या वयात होता.

‘टीका’ या शब्दाला आजच्या मराठीत निंदेचा वास येतो. जुन्या अर्थाने टीका म्हणजे समजावून सांगणे. ‘लीलावती’ पद्यात आहे आणि ती पाठ करण्यासाठी रचलेली आहे. श्लोकात रीत सांगितलेली असते; ती का चालते हे बहुधा सांगितलेले नसते. टीकाकार पद सोडवतो, शब्दाचा अर्थ देतो, उदाहरण करून दाखवतो, अडचणीची जागा ओळखतो आणि उपपत्ती सांगतो. उपपत्ती म्हणजे ही रीत बरोबर का, याचे कारण.

सूर्यदासानंतर चारच वर्षांनी, १५४५ मध्ये, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. उपपत्तींसाठी ती आजही आवर्जून पाहिली जाते. गोदाकाठी एक आणि समुद्रकाठी एक, अशी एकाच ग्रंथाची दोन स्पष्टीकरणे पाच वर्षांच्या आत तयार होतात, याचा अर्थ सरळ आहे. ग्रंथ शिकवला जात होता, शिकणाऱ्यांना अडचणी येत होत्या, आणि त्या अडचणींना उत्तर देणे हे विद्वानाला शोभेल असे काम मानले जात होते.

कुट्टक म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. गोदामात कापसाच्या गाठी आहेत. सात-सातच्या थप्प्या लावल्या तर तीन उरतात; अकरा-अकराच्या लावल्या तर पाच उरतात. गाठी किमान किती? उत्तर ३८. त्यानंतरचे उत्तर ११५, कारण सात आणि अकरा यांचा गुणाकार ७७ आहे आणि दर ७७ गाठींनी तीच स्थिती परत येते. अंदाजाने उत्तर काढणे लहान संख्यांना जमते. संख्या मोठ्या झाल्या की रीत लागते. एका संख्येने दुसरीला भागायचे, बाकीने पुन्हा भाजकाला भागायचे, असे करीत संख्या कुटून-कुटून बारीक करायच्या आणि मग उलट चालत यायचे. हाच कुट्टक.

पदवीच्या वर्गात हीच गोष्ट नंबर थिअरीत युक्लिडच्या अल्गोरिदमच्या नावाने शिकवली जाते. विद्यार्थी ती शिकतो, परीक्षेत लिहितो आणि उत्तीर्ण होतो. शेजारच्या तालुक्यात पावणेपाचशे वर्षांपूर्वी एक माणूस हेच कसे समजावत होता, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगितले असते तर गणित बदलले नसते; पण एकाच रीतीकडे दोन दिशांनी पाहण्याची संधी त्याला मिळाली असती, आणि गणित समजण्याचा बराचसा भाग याच संधीत असतो.

पाथरीची परंपरा पाथरीत टिकली नाही. गोदावरीच्या उत्तर काठावरील गोलग्रामच्या दिवाकराचे घराणे काशीला गेले. त्याच घराण्यातील कमलाकराने १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. गोदाकाठचे विद्वान बाहेर गेले की काठावर काय उरते, हा प्रश्न मराठवाड्याला पुढेही अनेकदा पडणार होता.

आता मोठी उडी, थेट विसाव्या शतकात. मध्यंतरी हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली आलेला आहे. १९१७ मध्ये सातव्या निजामाचे फर्मान निघाले आणि पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे वैशिष्ट्य माध्यमात होते. १८५७ च्या मुंबई, मद्रास आणि कलकत्ता विद्यापीठांत उच्च शिक्षण इंग्रजीतून चाले. उस्मानियात इंग्रजी हा सक्तीचा विषय होता; पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक आणि गणित हे सारे उर्दूतून शिकवले जाई.

त्यासाठी १९१७ मध्येच ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतरगृह स्थापन झाले. आरंभी त्याची सूत्रे मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. हेच पुढे औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. प्रत्येक शास्त्रासाठी परिभाषा घडवण्यात आली. समीकरणाला ‘मुसावात’, त्रिकोणाला ‘मुसल्लस’, कलनाला ‘इहसा’. पदवीच्या वर्गाला लागणारे कलन उर्दूत उपलब्ध झाले आणि विद्यार्थी त्यातून शिकलेही. रझिउद्दीन सिद्दीकी हे याच विद्यापीठाचे विद्यार्थी. ते पुढे केंब्रिजला गेले, लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे त्यांनी संशोधन केले आणि परत येऊन उस्मानियात गणित शिकवले. देशी भाषेत पदवीचे गणित शिकलेला मुलगा जागतिक दर्जाच्या संशोधनास अपात्र ठरतो, या समजुतीला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

इथे एक मोठा ‘परंतु’ आहे. उर्दू ही परभणी, नांदेड, बीडच्या बहुसंख्य घरांची भाषा नव्हती. मराठी मुलासाठी माध्यमिक शाळेपासूनच ती परकी होती, आणि राज्यसत्तेची भाषा म्हणून तिची सक्ती जाचकही होती. म्हणूनच हैदराबाद संस्थानात मराठी खासगी शाळांची चळवळ उभी राहिली: गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हैदराबादची विवेकवर्धिनी, औरंगाबादचे सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी. (‘नूतन’ हे नाव सेलूच्या संस्थेतही आहे. या प्रदेशातील शिक्षणसंस्थांना हा शब्द फार प्रिय. जुन्या व्यवस्थेशी असलेले भांडण त्यांनी विशेषणातच नोंदवून ठेवले, असे म्हणावेसे वाटते.)

अनेकांनी पदवीसाठी संस्थानाबाहेरची वाट धरली. मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी गणितातील पदव्युत्तर पदवी कलकत्ता विद्यापीठातून घेतली होती. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे नेते झाले. सेलूच्या मुलाच्या पदवी प्रमाणपत्रावर आज त्यांचेच नाव छापलेले असते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. उस्मानियाचे माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर गेले. मराठवाड्यातील महाविद्यालये, त्यांत १९५० मध्ये सुरू झालेली औरंगाबादचे मिलिंद आणि नांदेडचे पीपल्स कॉलेजही आले, १९५८ पर्यंत उस्मानियाशीच संलग्न होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ मध्ये त्याचा नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले.

या घटनाक्रमात एक विसंगती दडलेली आहे आणि ती क्वचितच बोलली जाते. उर्दूच्या सक्तीविरुद्ध लढा मातृभाषेच्या नावाने झाला. लढा जिंकला. नंतर पदवीच्या गणिताच्या वर्गात मात्र इंग्रजी येऊन बसली. संस्कृत गेली, उर्दू आली. उर्दू गेली, इंग्रजी आली. मराठीची पाळी आलीच नाही.

मराठीला हे जमले नसते, असे म्हणण्यास इतिहासात आधार नाही. १८२० च्या दशकातच मुंबईत जॉर्ज जर्व्हिस आणि त्यांच्या हाताखालच्या शास्त्र्यांनी गणिताची पुस्तके मराठीत उतरवली. एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांच्या नावावर ‘शून्यलब्धि’ हे कलनावरचे मराठी पुस्तक आहे. जांभेकर १८४६ मध्ये वारले, म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्याही अकरा वर्षे आधी. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीत विद्यापीठीय पुस्तके काढली. राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश तयार केले. ना. ह. फडके यांच्या ‘लीलावती पुनर्दर्शन’ने (१९७१) भास्कर मराठीत आणला. साहित्य होते, ते वर्गाच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

यावर नेहमीचा आक्षेप असा: पुढचे शिक्षण, संशोधन, नोकरी सारे इंग्रजीत; मग मराठीचा आग्रह मुलांचे नुकसानच करील. आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सेलूतल्या शेतकऱ्याच्या मुलीला एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा इंग्रजीतच द्यावी लागणार आहे, आणि तिला इंग्रजीपासून दूर ठेवणे हा तिच्यावरचा अन्याय ठरेल. पण पाठ्यपुस्तकाची भाषा आणि समजावण्याची भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सूर्यदासाने ‘लीलावती’ बाजूला सारली नाही. तिच्या शेजारी आपले स्पष्टीकरण ठेवले. इंग्रजी पुस्तकाशेजारी मराठी टीका असावी, एवढीच ही मागणी आहे.

ती नसते तेव्हा काय होते, हे कोणत्याही तालुक्याच्या गावच्या पुस्तकांच्या दुकानात दिसते. टीकेची जागा गाइडने घेतलेली असते. गाइडमध्ये उत्तर असते, उपपत्ती नसते. एप्सिलॉन आणि डेल्टाची व्याख्या मुले श्लोकासारखी पाठ करतात. सोळाव्या शतकातील विद्यार्थीही पाठच करीत असे. त्याला नंतर टीका मिळे, एवढाच फरक.

हा प्रश्न आज तातडीचा का झाला, त्याला कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना झाली, आणि तिच्यात भारतीय ज्ञानप्रणालीसाठी दोन श्रेयांक राखले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने गणिताच्या पदवी अभ्यासक्रमाचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील कालगणना, पंचांग, वैदिक गणित अशा विषयांवरून वाद पेटला. देशभरातील शेकडो गणितज्ञांनी मसुदा मागे घेण्याची मागणी केली. मूळ गणिताचा पाया त्यात दुबळा होतो, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता.

या वादात दोन्ही बाजूंनी सूर्यदासाचे नुकसानच होते. एका बाजूला ‘आपल्याकडे सारे आधीच होते’ असे सांगणारे. त्यांच्या हाती बहुधा ‘वैदिक गणिता’चे पुस्तक असते. भारती कृष्णतीर्थांचे ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सूत्रे ज्ञात वैदिक वाङ्मयात सापडत नाहीत आणि त्यातला बराचसा भाग शालेय आकडेमोडीच्या युक्त्यांचा आहे, हे गणितज्ञ एस. जी. दाणी यांनी पुराव्यानिशी दाखवले आहे. पाथरीचा खरा ग्रंथ हाताशी असताना त्याऐवजी युक्त्या शिकवणे हा परंपरेचा सन्मान खचितच नव्हे.

गौरवाच्या भरात अचूकताही हरवते. भास्कराने ग्रहाची तात्कालिक गती काढली, ज्येतील सूक्ष्म फरकाचा कोटिज्येशी असलेला संबंध ओळखला. हे थक्क करणारे आहे. पण सीमेची कल्पना आणि तिच्यावर उभे राहिलेले सर्वसाधारण शास्त्र त्यात नाही. सूर्यदासाचे वडील ज्ञानराज पुराणांतील विश्ववर्णन आणि ज्योतिषसिद्धान्त यांचा मेळ घालण्यासाठी धडपडत होते. त्या धडपडीला लपवण्याचे कारण नाही. आपल्या काळाचे दडपण पेलत विचार करणारा माणूस म्हणूनच ज्ञानराज वाचण्यासारखा आहे.

दुसऱ्या बाजूला, अशा विषयांना गणिताच्या वर्गात जागाच नको म्हणणारे. त्यांची चिडचिड समजण्यासारखी आहे. परंतु चक्रवाल पद्धती हे गणितच आहे. ६१ ला कोणत्या वर्गसंख्येने गुणून एक मिळवला असता पुन्हा वर्ग मिळतो, हा प्रश्न फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना घातला. भास्कराने ११५० मध्ये तोच सोडवला होता. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० चा वर्ग, आणि गुणाकारात एक मिळवल्यावर येतो तो १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग. चक्रवाल दर वेळी उत्तरापर्यंत का पोहोचते, याची सिद्धता मात्र भास्कराने दिलेली नाही. अशा समीकरणांना उत्तर असतेच, हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केले. अल्जिब्राच्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला धडा कोणता? पद्धत आणि सिद्धता यांतले अंतर एकाच उदाहरणात त्याच्यासमोर उभे राहते, आणि लाग्रांज हे केवळ प्रमेयाच्या डोक्यावरचे नाव राहत नाही.

तेव्हा हे दोन श्रेयांक गणित विभागाने स्वतःकडे घ्यावेत. सर्व शाखांच्या मुलांना एकत्र बसवून भारताच्या थोरवीवर व्याख्याने देण्यासाठी ते खर्ची पडू नयेत. दोन श्रेयांक म्हणजे साधारण तीस तास. पहिले दहा तास ‘लीलावती’तील कुट्टक आणि युक्लिडचा अल्गोरिदम एकमेकांसमोर ठेवून जावेत. पुढचे सहा-सात तास चक्रवालाला आणि फर्मा ते लाग्रांज या प्रवासाला. दोन तास दारुल तर्जुमाला: एखादे जुने उर्दू गणिताचे पान मिळवावे, वर्गात उर्दू वाचणारी मुले असतातच, त्यांच्याकडून ते वाचून घ्यावे आणि ‘मुसावात’ कुठे आहे ते फळ्यावर दाखवावे. ज्या विद्यार्थ्याच्या पणजोबांनी या शब्दात गणित शिकले असेल, त्याला तो तास आयुष्यभर आठवेल.

उरलेल्या तासांत प्रत्येक विद्यार्थ्याने मुख्य अभ्यासक्रमातील एक प्रमेय निवडावे. रोलचे असो, लाग्रांजचे असो, कोशीचे असो. त्यावर चार पानांची मराठी टीका लिहावी: पदांचा अर्थ, स्वतः रचलेले एक उदाहरण, अडचणीची जागा, उपपत्ती. लेखी परीक्षा घेऊ नये. बारावीच्या वर्गातील एखाद्या मुलाला ती टीका वाचायला द्यावी आणि त्याला काय कळले ते शिक्षकाने विचारावे.